फिगर ऑफ मेरिट ०.७४, तरी मॅप वाचता येत नाही: फेजिंगचे आकडे कितपत मानायचे?

क्ष-किरणांनी स्फटिकातून प्रथिनाची रचना काढताना परावर्तनांची तीव्रता मोजता येते, त्यांचे फेज मात्र मोजता येत नाहीत; ते शोधणं म्हणजे फेजिंग, आणि त्यावरून निघणारा इलेक्ट्रॉन-घनतेचा नकाशा म्हणजे मॅप. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. २१० अवशेषांचं (अमिनो आम्लांचं) प्रथिन, एन-टोकाचं सोडून चार मेथिओनिन, सगळे सेलेनोमेथिओनिनने (गंधकाऐवजी सेलेनियम असलेल्या मेथिओनिनने) बदललेले. सेलेनियमच्या शोषण-कडेच्या शिखरावर, म्हणजे ०.९७९ अँगस्ट्रॉमच्या आसपास, घेतलेला एकच डेटासेट, २.४ अँगस्ट्रॉमपर्यंत. असममित एककात (सममितीने ज्यातून सगळा स्फटिक उभा राहतो त्या सगळ्यात लहान भागात) एक रेणू, सॉल्व्हंट (रेणूंमधलं द्रावण) ४८ टक्के, स्पेस ग्रुप (स्फटिकाच्या सममितीचा प्रकार) पी-फोर-वन-टू-वन-टू. सॅड फेजिंगनंतर (एकाच तरंगलांबीवर जड अणूंमुळे परावर्तनांच्या जोड्यांत पडणाऱ्या ‘ॲनॉमलस’ फरकावरून फेज काढल्यावर) सरासरी फिगर ऑफ मेरिट (फेजवरच्या भरवशाचा आकडा) ०.३४, फेजिंग पॉवर १.२, ॲनॉमलस आर-कलिस ०.८. डेन्सिटी मॉडिफिकेशननंतर (मॅप दुरुस्त करून त्यावरून फेज सुधारल्यावर) फिगर ऑफ मेरिट ०.७४. आणि मॅप उघडला तर नुसती ढेकळं. तुम्ही विचारता, ‘०.७ च्या वर गेलं की मॅप चांगला असतो असं सगळीकडे लिहिलंय, मग माझं चुकतंय कुठे?’

०.७४ चांगला की वाईट, हा खरा प्रश्न नाहीच. फेजिंगचा कुठलाही आकडा समोर आला की मी आधी एकच गोष्ट विचारतो: उत्तर चुकीचं असतं, तर हा आकडा वेगळा आला असता का? तुम्ही दिलेल्या चारपैकी पहिले तीन आकडे सबस्ट्रक्चरचा (जड अणूंच्या, इथे सेलेनियमच्या, मांडणीचा) हँड (ती मांडणी सरळ की तिचं उलटं प्रतिबिंब) उलटा असता तरी तंतोतंत हेच आले असते. चौथा थोडा कमी आला असता, पण तुम्हाला शंका यावी इतका नाही. म्हणजे तुमच्या हातात आत्ता जे आहे, त्यावरून रचना सुटली की नाही हे ठरतच नाही. काही चुकलं असेलच असं नाही. ठरवणारा आकडा अजून तुम्ही पाहिलेला नाही, एवढंच.

आता हे असं का, ते जरा सविस्तर.

फिगर ऑफ मेरिट ही कल्पना ब्लो आणि क्रिक यांनी १९५९ मध्ये मांडली. प्रत्येक परावर्तनासाठी फेज नेमका किती हे आपल्याला माहीत नसतं. कुठला फेज किती संभाव्य, याचं वर्तुळावर पसरलेलं एक वितरण असतं. त्या वितरणाचा मध्यबिंदू वर्तुळाच्या केंद्रापासून किती लांब पडतो, ती फिगर ऑफ मेरिट. वितरण टोकदार असेल तर ती १ च्या जवळ, सगळीकडे सारखं पसरलेलं असेल तर शून्य. दुसऱ्या भाषेत, फेजमधल्या अपेक्षित चुकीच्या कोसाइनची ती सरासरी. ०.३४ म्हणजे ढोबळमानाने ७० अंशांची चूक, ०.७४ म्हणजे ४२ अंशांची. फेज निव्वळ अंदाजपंचे दिले तर सरासरी चूक ९० अंश येते, म्हणजे ७० अंश हे ऐकायला वाटतं तितकं दिलासा देणारं नाही.

या व्याख्येतला ‘अपेक्षित’ हा शब्द विसरू नका. खरी चूक किती हे प्रोग्रामला कळायला मार्ग नाही, कारण खरे फेज त्याच्याकडे नाहीत. चुकांबद्दलच्या आपल्याच मॉडेलवरून तो अंदाज बांधतो: डेटातल्या त्रुटी इतक्या, जड अणूंचं मॉडेल इतकं अपुरं, तेव्हा फेज इतके अनिश्चित. विद्यार्थ्याने स्वतःचा पेपर स्वतःच तपासून गुण द्यावेत, तसा हा प्रकार. विद्यार्थी प्रामाणिक असेल तर गुण बरोबर निघतात, पण ज्या गृहीतकावर पेपर लिहिला त्याच गृहीतकावर तपासला, हे लक्षात ठेवायचं.

सॅडमध्ये आणखी एक भानगड आहे. एकाच तरंगलांबीच्या ॲनॉमलस फरकावरून प्रत्येक परावर्तनाला एक नाही, दोन फेज मिळतात, आणि दोन्ही सारखेच संभाव्य. मध्यबिंदू त्या दोघांच्या मधोमध पडतो. त्यामुळे डेटा अगदी निर्दोष असला, सबस्ट्रक्चर अगदी अचूक असलं, तरी फक्त ॲनॉमलस फरकावरून मिळणारी सरासरी फिगर ऑफ मेरिट ०.६४ च्या पुढे जात नाही (२ भागिले पाय, हिशेब करून बघा). प्रत्यक्षात ०.३ ते ०.४५ आली तरी खूप झालं. तेव्हा ०.३४ पाहून निराश होण्यासारखं काही नाही.

या दुहेरीपणाशी आपल्याकडच्या माणसांचं जुनं नातं आहे. जी. एन. रामचंद्रन म्हटलं की सगळ्यांना प्रथिनाच्या साखळीतल्या कोनांचा ‘रामचंद्रन प्लॉट’ आठवतो; पण १९५६ मध्ये रामचंद्रन आणि एस. रामन यांनी मद्रासहून ‘करंट सायन्स’मध्ये नेमका हाच पेच हाताळला होता. दोनपैकी जो फेज जड अणूंच्या स्वतःच्या फेजच्या जवळ, तो निवडावा, असं त्यांनी सुचवलं. आजचे प्रोग्राम तसं सरळसोट निवडत नाहीत, पण जड अणूंचा वाटा वापरून दोनपैकी एका बाजूला थोडं झुकतं माप देतात. मुळातला विचार तोच. हेंड्रिक्सन आणि टीटर यांनी १९८१ मध्ये क्रॅम्बिन या लहान प्रथिनाची रचना फक्त गंधकाच्या सहा अणूंवर सोडवली, तीही तांब्याच्या साध्या क्ष-किरणांनी, तेव्हा हाच विचार कामी आला.

तर ०.३४ हा आकडा वाचताना मी दोन गोष्टी वेगळ्या करून बघतो. पहिली, सेंट्रिक (सममितीमुळे ज्यांचा फेज दोनच किमतींपैकी एक असू शकतो अशी) आणि असेंट्रिक (बाकीची) परावर्तनं. सेंट्रिक परावर्तनात ॲनॉमलस फरक नसतोच, त्यामुळे सॅडमधून त्यांना जवळपास काही मिळत नाही. तुमच्यासारख्या टेट्रागोनल स्पेस ग्रुपमध्ये, विशेषतः कमी रिझोल्युशनला, सेंट्रिक परावर्तनं बरीच असतात आणि ती सरासरीला खाली ओढतात. कमी सममितीच्या मोनोक्लिनिक स्फटिकाच्या ०.३४ शी तुमच्या ०.३४ ची तुलना म्हणूनच करू नका. लॉग फाइलमध्ये दोन्ही वेगळे छापलेले असतात. असेंट्रिकचा स्तंभ वाचा.

दुसरी गोष्ट, रिझोल्युशनचे शेल (बारकाव्याच्या पातळीनुसार पाडलेले परावर्तनांचे गट). सरासरी ०.३४ मागे दोन अगदी वेगळी चित्रं दडलेली असू शकतात. एकात ४ अँगस्ट्रॉमपर्यंत ०.५५ आणि ३ च्या पुढे ०.१, दुसऱ्यात सगळीकडे ०.३ च्या आसपास. पहिल्याशी काम करायला मला बरं वाटतं. खालच्या रिझोल्युशनचे फेज भक्कम असले तर सॉल्व्हंटची सीमा ओळखता येते, आणि ती सापडली की पुढचे फेज डेन्सिटी मॉडिफिकेशनने हळूहळू वाढवत नेता येतात. दुसऱ्यात पाय रोवायला जागाच नसते.

फेजिंग पॉवर आणि आर-कलिस यांच्यावर फार वेळ घालवणार नाही. दोन्ही आयसोमॉर्फस रिप्लेसमेंटच्या (जड अणू घातलेला आणि न घातलेला स्फटिक ताडून फेज काढण्याच्या) काळातली मापं. आर-कलिस हे नाव ॲन कलिस यांचं, पेरुट्झ यांच्या गटाच्या घोड्याच्या हिमोग्लोबिनवरच्या १९६१ च्या कामातलं. तिथे ते सेंट्रिक परावर्तनांवर मोजायचं आणि ०.६ च्या खाली गेलं की लोक खूश व्हायचे. ॲनॉमलस आर-कलिस हे त्याचं दूरचं भावंड. ते १ च्या खाली आहे याचा अर्थ इतकाच की तुमचं सबस्ट्रक्चर ॲनॉमलस फरकाचा काही भाग तरी समजावून देतंय. ०.८ ठीक आहे. त्याला ०.६ चा जुना निकष लावू नका.

फेजिंग पॉवर म्हणजे जड अणूंचा वाटा भागिले न जुळलेला उरलेला भाग. १ च्या वर असेल तिथपर्यंत फेजिंगला काही अर्थ. मी तिची सरासरी कधी बघत नाही. कुठल्या शेलमध्ये ती १ च्या खाली उतरते तेवढं बघतो. प्रत्येक प्रोग्राम ती जरा वेगळ्या पद्धतीने काढतो, कुणी गुणोत्तरांची सरासरी घेतं, कुणी सरासऱ्यांचं गुणोत्तर, त्यामुळे एका प्रोग्रामची १.२ आणि दुसऱ्याची १.२ यांची तुलना करण्यात हशील नाही. एकाच प्रोग्राममध्ये, एकाच डेटावर, साइट (जड अणूंच्या जागा) घातल्या-काढल्यावर ती वर जाते की खाली, एवढ्यापुरती ती उपयोगी.

आता मुख्य मुद्दा: हँड. सबस्ट्रक्चर शोधताना आपण फक्त ॲनॉमलस फरकाचं परिमाण वापरतो, आणि त्या परिमाणाला सबस्ट्रक्चर आणि त्याचं उलटं प्रतिबिंब दोन्ही सारखेच पटतात. त्यामुळे निम्म्या वेळा आपल्या हातात उलटा हँड येणार. त्यावरून फेजिंग केलं तर फिगर ऑफ मेरिट, फेजिंग पॉवर, आर-कलिस सगळं शेवटच्या अंकापर्यंत तेच. सॅडमध्ये चुकीच्या हँडचा मॅप प्रथिनाचं आरशातलं रूपही दाखवत नाही. जड अणूंच्या जागा सोडल्या तर बाकी सगळा गोंगाट. तुमच्या ‘ढेकळां’चं वर्णन वाचून मला पहिली शंका हीच आली.

तुमच्या बाबतीत त्यात स्पेस ग्रुपची भर आहे. पी-फोर-वन-टू-वन-टू आणि पी-फोर-थ्री-टू-वन-टू यांच्यात गैरहजर (सममितीमुळे न दिसणारी) परावर्तनं अगदी सारखी. डेटा मर्ज करणारा प्रोग्राम दोघांत फरक करूच शकत नाही. तो रिवाज म्हणून एक नाव छापतो आणि आपण ते सत्य म्हणून पुढे नेतो. हँड उलटा करायचा तर अणूंचे निर्देशांक उलटे करायचे आणि स्पेस ग्रुपही बदलायचा, दोन्ही एकाच वेळी. डेन्सिटी मॉडिफिकेशन करणाऱ्या शेलएक्सई या प्रोग्रामला उलटा हँड तपासायला सांगितलं तर तो हे आपोआप करतो. पण निर्देशांक हाताने उलटे करून दुसऱ्या प्रोग्रामला दिले आणि स्पेस ग्रुप तसाच ठेवला, तर तिसरंच काहीतरी चुकीचं तयार होतं आणि दोन्ही ‘हँड’ वाईट दिसतात. दोन्ही हँड तपासले, काही निघालं नाही, म्हणून डेटाच टाकून दिला, असे किस्से प्रयोगशाळांत कमी नाहीत. (आय-फोर-वन सारख्या मोजक्या स्पेस ग्रुपमध्ये उलटं करण्याचा केंद्रबिंदूही सरकवावा लागतो. तुमच्याकडे ती अडचण नाही.)

हँड ठरतो डेन्सिटी मॉडिफिकेशनमध्ये, कारण पहिल्यांदाच तिथे नवी माहिती आत येते: प्रथिनाच्या बाहेरचा सॉल्व्हंट सपाट असतो, आतली घनता चढउतारांची आणि सलग असते. बी. सी. वँग यांनी १९८५ च्या सुमारास सॉल्व्हंट फ्लॅटनिंग रुळवलं तेव्हापासून सॅडचा दुहेरीपणा याच माहितीने सुटतो. म्हणून दोन्ही हँडवर तेवढीच आवर्तनं, त्याच सॉल्व्हंट टक्केवारीने चालवा आणि शेलएक्सईचे कॉन्ट्रास्ट (घनतेतला चढउतार) व कनेक्टिव्हिटी (घनतेचा सलगपणा) शेजारी शेजारी ठेवा. एकट्या हँडचा आकडा निरर्थक. दोघांमधला फरक बोलतो. बरोबर हँडचा कॉन्ट्रास्ट आवर्तनागणिक वर चढत जातो, चुकीचा लवकर थबकतो. ६५ टक्के सॉल्व्हंट असता तर पहिल्या काही आवर्तनांतच दोन वाटा फुटल्या असत्या. ४८ टक्क्यांना तसं होईलच असं नाही, त्यामुळे ऑटोट्रेसिंग चालू करून अधिक फेऱ्या द्या.

ऑटोट्रेसिंगमधून जो आकडा मिळतो तो मला सगळ्यात जास्त पटतो. प्रोग्राम मॅपमध्ये पॉलिॲलॅनिनची (सगळे अवशेष ॲलॅनिन धरलेली) साखळी बसवतो आणि ती मोजलेल्या डेटाशी किती जुळते याचा सहसंबंध गुणांक देतो. डेटा २.५ अँगस्ट्रॉमपेक्षा चांगला असेल आणि हा गुणांक २५ टक्क्यांच्या वर गेला, तर रचना जवळजवळ नक्की सुटलेली असते. तुमचा २.४ म्हणजे त्या नियमाच्या काठावर आहे, तेव्हा २६ आला म्हणून पेढे वाटू नका. पण एका हँडला ३२ आणि दुसऱ्याला १२ आला तर वादच संपला. सोबत साखळीचे तुकडे किती लांब आहेत तेही बघा. १५-२० अवशेषांचे सलग तुकडे गोंगाटातून सहसा निघत नाहीत; चार-पाच अवशेषांचे कुठेही निघतात.

मग ०.७४ चं काय? डेन्सिटी मॉडिफिकेशनमध्ये मूळ फेज घेऊन मॅप काढतात, तो सपाट करतात, त्यातून नवे फेज काढतात आणि ते मूळ फेजांशी जोडतात. जोडताना प्रोग्राम धरून चालतो की नवे फेज हा स्वतंत्र पुरावा आहे. तो स्वतंत्र नसतो, कारण मूळ मॅपमधल्या चुका नव्या फेजांतही उतरलेल्या असतात. प्रत्येक आवर्तनात तीच माहिती पुन्हा मोजली जाते आणि आत्मविश्वास फुगत जातो. सॉल्व्हंट फ्लिपिंग, गॅमा दुरुस्ती, सांख्यिकीय डेन्सिटी मॉडिफिकेशन हे सगळे उपाय हा फुगवटा आवरण्यासाठीच आले आणि त्यांनी बराच आवरलाही. तरी पूर्ण गेलेला नाही. चुकीच्या हँडवरही हा आकडा ०.६ च्या वर सहज जातो. रचना पूर्ण झाल्यावर अंतिम मॉडेलच्या फेजांशी सुरुवातीचे फेज ताडून बघायची सवय लावून घ्या. प्रोग्रामने ४२ अंश म्हटलं तिथे खरी चूक साठीच्या घरात निघणं हे नेहमीचं. असं काही रचनांवर करून पाहिलं की तुमच्या नेहमीच्या प्रोग्रामचा आकडा किती टक्के खरा मानायचा याचा अंदाज बसतो, आणि हा अंदाज कुणी दुसरा तुम्हाला देऊ शकत नाही.

याला जोडूनच एक तांत्रिक सूचना. फेजिंगकडून डेन्सिटी मॉडिफिकेशनकडे जाताना फक्त फेज आणि फिगर ऑफ मेरिट हे दोन स्तंभ दिले असतील, तर दोन फेजांचं दुहेरी वितरण तुम्ही तिथेच फेकून दिलंत. मध्यबिंदू तेवढा पुढे गेला, दोन शिखरं मागे राहिली. हेंड्रिक्सन-लॅटमन गुणांक (१९७०) याचसाठी आहेत. ए, बी, सी, डी हे चारही स्तंभ पुढे जातायत ना, ते तपासा. उलट, पुढे रिफाइनमेंटमध्ये (मॉडेल डेटाशी जुळवून घेताना) प्रायोगिक फेज वापरायचे ठरवलं तर फेजिंगमधून निघालेले मूळ गुणांक द्या, डेन्सिटी मॉडिफिकेशननंतरचे फुगलेले नको.

या सगळ्याच्या आधी सबस्ट्रक्चर तरी बरोबर आहे का? त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. सबस्ट्रक्चर शोधणाऱ्या शेलएक्सडी या प्रोग्रामच्या निकालात मी तीन गोष्टी बघतो. सगळ्या परावर्तनांवरचा सहसंबंध गुणांक आणि कमकुवत परावर्तनांवरचा गुणांक: सॅडमध्ये पहिला ३० च्या वर आणि दुसरा १५ च्या वर असेल तर सहसा उत्तर बरोबर असतं. त्याहून महत्त्वाचं, शेकडो प्रयत्नांपैकी काही प्रयत्न बाकीच्या ढिगापासून स्पष्ट वेगळे पडलेले दिसतात का? ३४ आणि १६ हे आकडे असले, पण उरलेले सगळे प्रयत्नही ३० आणि १३ च्या आसपास घोटाळत असतील, तर माझा विश्वास बसत नाही. तिसरी गोष्ट ऑक्युपन्सीची (साइट किती भरलेली आहे त्या प्रमाणाची) उतरंड. चार मेथिओनिन असतील तर चौथ्या साइटनंतर कडा तुटल्यासारखी घसरण दिसायला हवी. एन-टोकाचा मेथिओनिन बहुतेकदा हलता तरी असतो किंवा पेशीनेच छाटलेला असतो. तो दिसला तर पाचवी, कमकुवत साइट. पण दहा साइट हळूहळू उतरत्या दिसत असतील तर त्या साइट नव्हेत, गोंगाट आहे.

त्याच्याही आधी डेटा. शोधासाठी डेटा तयार करणाऱ्या शेलएक्ससीमध्ये ॲनॉमलस फरक भागिले त्याची अनिश्चितता हे गुणोत्तर शेलवार छापलेलं असतं. सिग्नल अजिबात नसला तरी ते ०.८ येतं, शून्य नाही. नवखा माणूस ०.८५ पाहून खूश होतो. डेटाचे दोन अर्धे भाग करून त्यांच्या ॲनॉमलस फरकांतला सहसंबंध काढतात, तो ३० टक्क्यांच्या खाली जिथे उतरतो तिथे मी सबस्ट्रक्चर शोधाची मर्यादा घालतो. हा आकडा हाताशी नसेल तर डेटाच्या मर्यादेत अर्धा अँगस्ट्रॉम मिळवून सुरुवात करतात, म्हणजे तुमच्यासाठी २.९. पूर्ण २.४ पर्यंत शोध चालवला असेल तर वरच्या शेलमधल्या गोंगाटाने सबस्ट्रक्चर बिघडलं असण्याची दाट शक्यता आहे. अपेक्षा किती ठेवायची? २१० अवशेषांत चार सेलेनियम, प्रत्येकाचा ॲनॉमलस पदर (विकिरणातला ॲनॉमलस वाटा) ४ इलेक्ट्रॉन धरला, तर फरक साधारण ४ टक्के येतो. क्रॅम्बिनमध्ये तो दीड टक्क्याच्या आसपास होता. म्हणजे तुमच्याकडे सिग्नल भरपूर असायला हवा; नसेल तर सेलेनियम पूर्ण बसला नसेल, किरणांची ऊर्जा कडेच्या जरा खाली पडली असेल, किंवा किरणांनी स्फटिक भाजला असेल. शेवटचं तपासणं सोपं आहे: डेटाचा पहिला अर्धाच भाग घेऊन सबस्ट्रक्चर पुन्हा शोधा. कधी कधी कमी डेटा जास्त चांगला ठरतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. ७० टक्के सॉल्व्हंट असलेला स्फटिक ०.२५ फिगर ऑफ मेरिटवरूनही सुंदर मॅप देतो. एककात सहा सारखे रेणू असले तर त्यांची सरासरी घेऊन अशक्य वाटणारे फेज सुधारतात. ट्विनिंग (वेगळ्या दिशांचे स्फटिक एकात गुंतलेले) किंवा छद्म-स्थानांतर (एककातले रेणू जवळपास नुसते सरकवल्यासारखे) असेल तर मी वर दिलेल्यातला एकही उंबरठा लागू पडत नाही. मॅपमध्ये हेलिक्स दिसल्या पण डावखुऱ्या, तर ते वेगळंच प्रकरण: सॅडमध्ये नुसत्या चुकीच्या हँडने असं होत नाही. बहुधा डिटेक्टरची प्रतिमा उलटी वाचली गेली आणि फ्रिडेल जोड्यांची (एकमेकांच्या उलट दिशेच्या परावर्तनांची) अदलाबदल झाली, तेव्हा मागे जाऊन डेटा पुन्हा इंटिग्रेट करावा लागतो. घरच्या मशीनवर हे सहसा घडत नाही, कारण तिथली मांडणी वर्षानुवर्षं तीच असते. नव्या बीमलाइनवर (सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरण केंद्रावर) पहिल्यांदा गेलात, मग ती इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवरची बीएल-२१ असो की परदेशातली, तर माहीत असलेल्या रचनेचा एक स्फटिक आधी चालवून बघावा.

आणि आता एक मार्ग असा, जो दहा वर्षांपूर्वी मी सुचवू शकलो नसतो. अल्फाफोल्डने (रचनेचं भाकीत करणाऱ्या प्रोग्रामने) तुमच्या प्रथिनाचं मॉडेल काढा, पीएलडीडीटी (भाकिताच्या खात्रीचा गुण) ७० च्या खालचे भाग छाटा, आणि फेझर या प्रोग्राममध्ये मॉलिक्युलर रिप्लेसमेंट (मॉडेल स्फटिकात बसवून त्यावरून फेज काढणं) चालवा, दोन्ही स्पेस ग्रुपमध्ये. ट्रान्सलेशन फंक्शनचा झेड-स्कोअर (मॉडेलची जागा किती ठळकपणे सापडली याचा आकडा) ८ च्या वर गेला तर उत्तर जवळजवळ नक्की, ६ च्या खाली असेल तर नाद सोडा. मधल्यात लॉग-लाइकलीहूड गेन (मॉडेल डेटाशी किती जुळतं याचं माप) वाढतोय का ते बघा. पण तिथे थांबू नका. मॉलिक्युलर रिप्लेसमेंटच्या फेजांनी ॲनॉमलस डिफरन्स मॅप (ॲनॉमलस अणूंच्या जागा दाखवणारा) काढा. त्या मॉडेलला सेलेनियमबद्दल काहीच ठाऊक नव्हतं, आणि सबस्ट्रक्चर शोधणाऱ्या प्रोग्रामला मॉडेलबद्दल. सगळ्यात उंच चार शिखरं चार मेथिओनिनच्या सेलेनियमच्या जागी बसली, आणि पाचवं शिखर त्यांच्या मानाने बुटकं असलं, तर दोन स्वतंत्र वाटांनी तुम्ही एकाच ठिकाणी पोचलात. हा पुरावा मला कुठल्याही फिगर ऑफ मेरिटपेक्षा जास्त वजनदार वाटतो. शिवाय कोणता हँड आणि कोणता स्पेस ग्रुप, हेही त्यातच कळतं. सबस्ट्रक्चरच्या साइट त्या शिखरांवर सरळ बसतात की उलट्या करून, एवढंच बघायचं.

मॉडेल बसलं तरी सॅडचे फेज टाकून देऊ नका. मॉलिक्युलर रिप्लेसमेंटचा मॅप मॉडेलकडे झुकलेला असतो; ज्या लूपमध्ये अल्फाफोल्डला खात्री नव्हती, तिथे तो मॉडेलचीच री ओढतो. मॉडेल आणि ॲनॉमलस सिग्नल एकत्र वापरून फेज काढले तर नेमके ते भाग सुधारतात. फेझरमध्ये तशी सोय आहे.

तुमच्या जागी मी आज शेलएक्सई दोन्ही हँडवर, ऑटोट्रेसिंगसह, रात्रभर चालवायला टाकलं असतं आणि मॉलिक्युलर रिप्लेसमेंट शेजारी लावलं असतं. उद्या पुढे विचारायचं झालं तर एवढं लिहा: दोन्ही हँडचा शेवटचा कॉन्ट्रास्ट आणि साखळीचा सहसंबंध गुणांक, पहिल्या आठ साइटच्या ऑक्युपन्सी, आणि दोन अर्ध्या भागांतला ॲनॉमलस सहसंबंध शेलवार. दोन्ही हँड सारखेच वाईट निघाले तर मी आधी साइटची यादी आणि शोधाची रिझोल्युशन मर्यादा बघेन, मग ट्विनिंगची चाचणी, आणि सॉल्व्हंटची टक्केवारी ४० ते ५५ मध्ये बदलून पाहणं सगळ्यात शेवटी.